पाण्याच्या वाटणीचा अभियंता

कळंबसारखी घोडकाठची गावे आणि खालचे तालुके यांच्यात कुकडी प्रकल्पाच्या आवर्तनांवरून जे वाद होतात, त्यांचे मूळ सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

म्हैसूर संस्थानातील हा पितृहीन विद्यार्थी शिष्यवृत्तीवर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आला आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे (१९०३) त्यांचे नाव झाले. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांची ‘ब्लॉक’ पद्धतच अधिक मोलाची मानावी लागेल. कालव्याचे पाणी मूठभर बागायतदारांच्या उसात मुरे. जमिनी चिबडत, हिवताप पसरे, दूरची गावे कोरडी राहत. विश्वेश्वरय्यांनी ते पाणी अनेक गावांच्या गटांत विभागले. प्रत्येक गटात ऊस थोड्याच क्षेत्रावर आणि तोही पाळीपाळीने, उरलेल्या जमिनीत हंगामी पिके. शेतकऱ्यांनी प्रथम विरोध केला. तो साहजिकच होता. हातचे बारमाही पाणी कोण सोडील?

पुढे १९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ साली ‘भारतरत्न’. १९६२ साली, शंभरी ओलांडल्यावर, ते निवर्तले. तोवर दख्खनच्या कालव्यांवर ऊस कितीतरी पसरला होता.