लुई पाश्चर आणि पिसाळलेला कुत्रा

फ्रान्सच्या पूर्वेकडे आर्बुआ नावाचे एक लहान गाव आहे. १८३१ साली तिथल्या पंचक्रोशीत एका पिसाळलेल्या लांडग्याने धुमाकूळ घातला. तो ज्यांना चावला त्यांना लोहाराच्या भट्टीवर नेऊन तापलेल्या लोखंडाने जखमा डागल्या जात. दुसरा उपाय कुणाजवळ नव्हता. कातडी कमावणाऱ्या ज्यां-जोसेफ पाश्चर यांचा मुलगा लुई तेव्हा आठ वर्षांचा होता.

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी एका कॅथलिक घरात झाला. शाळेत तो फार हुशार म्हणून गाजला नाही. चित्रे मात्र सुरेख काढी. पुढे तो रसायनशास्त्रज्ञ झाला. द्राक्षरस का आंबतो, रेशमाचे किडे कशाने मरतात, अशा प्रश्नांमागे त्याने आयुष्य घातले. आपल्या दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' हा शब्द असतो, तो त्यांच्याच नावावरून आला. घरात मात्र दुःख होते. पाच मुलांपैकी तीन मुली लहान वयातच दगावल्या. १८६८ साली पक्षाघाताने डावे अंग लुळे पडले. तरीही प्रयोगशाळा सुटली नाही.

रेबीजचे जंतू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हते. पाश्चर व त्यांचे सहकारी एमिल रू यांनी रेबीजने मेलेल्या सशांचे मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून ठेवले. दिवसागणिक त्यांतील विष कमी होत गेले. त्याचीच लस करून कुत्र्यांवर प्रयोग सुरू होते.

६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई पॅरिसला आली. ती अल्सासची, आणि अल्सास त्या वेळी जर्मनीत होते. म्हणजे मायलेकरे सरहद्द ओलांडून आली होती. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने मुलाला अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते. इंजेक्शने डॉ. ग्रांशे यांनी दिली: दहा दिवसांत तेरा. जोसेफ वाचला. पाश्चर यांच्या वह्या पुढे अभ्यासकांनी वाचल्या तेव्हा दिसले की, नेमकी हीच पद्धत कुत्र्यांवर पुरती तपासून झाली नव्हती. त्यांनी मोठी जोखीम घेतली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईज पेलेतिये नावाच्या मुलीला आणले गेले. चावून ३७ दिवस झाले होते. उशीर झाला आहे हे पाश्चर यांना कळत होते, तरी त्यांनी तिला परत पाठवले नाही. ती वाचली नाही. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या न्यूअर्क शहरातून चार मुले बोटीने आली. मार्च १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्कहून लांडग्याने फाडलेले १९ जण आले; त्यांतील १६ वाचले.

आज उपचारासाठी पॅरिस गाठावे लागत नाही. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती आपल्या जुन्या मंडळींच्या मनात अजून आहे. पण ती जुनी लस भारतात २००४ सालीच बंद झाली. आता दंडात मोजकीच इंजेक्शने देतात. कुत्रा, मांजर, माकड वा वटवाघूळ चावले, ओरबाडले, तर जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना-मिरची लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेत वेगळे औषधही टोचतात. विष मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकते, म्हणून वेळ मिळतो. पण लक्षणे दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही.

ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडमध्ये वाढलेली आपली नातवंडे सुट्टीत गावी येतात. तिथल्या कुत्र्यांत हा रोग नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या पिल्लाला उचलून घेताना त्यांना भीती वाटत नाही. त्यांना आधीच बजावलेले बरे. आडगावी किंवा दूरदेशी राहायला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ही लस घेता येते. मात्र नंतर कुत्रा चावला तर पुन्हा दोन डोस घ्यावेच लागतात. आणि 'घरी परतल्यावर बघू' असे म्हणून प्रवास पुढे रेटू नये.

देशोदेशींच्या देणग्यांतून १८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. रशियाच्या झारनेही एक लाख फ्रँक धाडले होते. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिन याच संस्थेत काम करून आपल्याकडे आले. १९०० साली कसौलीला भारतातली पहिली पाश्चर संस्था निघाली. त्याआधीच, २८ सप्टेंबर १८९५ रोजी, पाश्चर यांचे निधन झाले होते. नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला व पुढे संस्थेच्याच तळघरात त्यांचे दफन करण्यात आले. त्या संस्थेच्या दाराशी पहारेकरी म्हणून नंतर कितीतरी वर्षे जोसेफ माइस्टर काम करीत होता.