लोकनेते कामराज

तमिळनाडूच्या दक्षिण भागात विरुदुनगर हे व्यापारी गाव आहे. तेथे १५ जुलै १९०३ रोजी कामराज यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कुमारस्वामी नारळाचे व्यापारी होते. आईचे नाव शिवकामी. कामराज सहा वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. ते ज्या शाळेत शिकत होते, ती लोकाश्रयावर चालत असे. घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवला जाई व त्यातून शाळेच्या खर्चाला हातभार लागे. परंतु घरच्या ओढगस्तीमुळे कामराज यांचे शिक्षण सहावीतच थांबले आणि ते मामांच्या कापडाच्या दुकानात काम करू लागले.

दुकानात बसूनही त्यांचे लक्ष देशातील घडामोडींकडे असे. १९१९ मधील जालियनवाला बाग हत्याकांडाने त्यांचे मन पेटून उठले आणि ते स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले. १९३० मध्ये वेदारण्यम येथील मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना कारावास झाला. पुढेही अनेकदा तुरुंगवास घडला. त्यांच्या आयुष्याची सुमारे नऊ वर्षे तुरुंगात गेली. शाळेत अपुरे राहिलेले शिक्षण त्यांनी तेथे वाचनाने भरून काढले. १९४१ मध्ये ते कैदेत असतानाच विरुदुनगरच्या नगराध्यक्षपदी त्यांची निवड झाली. सुटका होताच त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. ज्या पदाला पुरेसा वेळ देता येणार नाही, ते अडवून ठेवणे त्यांना उचित वाटले नाही.

एप्रिल १९५४ मध्ये कामराज तत्कालीन मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. नेतेपदाच्या निवडणुकीत ज्यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवारी केली होती, त्या सी. सुब्रमण्यम यांनाच त्यांनी मंत्रिमंडळात महत्त्वाचे स्थान दिले.

त्या काळी राज्यात एक वादग्रस्त शिक्षणयोजना चालू होती. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय शिकावा, असे तिचे स्वरूप होते. यामुळे चांभाराचा मुलगा चांभारच राहील, अशी टीका होत होती. कामराज यांनी ही योजना रद्द केली. मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना पुस्तकात शोधावे लागले नाही. शाळा दूर असते, फी परवडत नाही आणि उपाशी पोटी शिकता येत नाही, ही तीन कारणे त्यांना दिसत होती. म्हणून त्यांनी बंद पडलेल्या शाळा उघडल्या, खेडोपाडी नव्या शाळा काढल्या आणि गरीब मुलांची फी माफ केली. १९५६ च्या सुमारास शाळांमधून दुपारचे जेवण देण्यास प्रारंभ झाला. पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न होताच. सुरुवातीस गावकऱ्यांनी धान्य व पैसा दिला, पुढे शासनाने खर्चाचा मोठा वाटा उचलला. जेवणाच्या ओढीने आलेली मुले अक्षरांतही रमू लागली.

याच काळात राज्यात धरणे बांधली गेली व कारखाने उभे राहिले. २ ऑक्टोबर १९६३ रोजी पक्षकार्यासाठी कामराज यांनी स्वेच्छेने मुख्यमंत्रिपद सोडले. पुढे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि देशाचे दोन पंतप्रधान निवडण्याच्या कामी त्यांचा शब्द मोलाचा ठरला.

१९६७ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र त्यांना विरुदुनगरमध्येच पराभव पत्करावा लागला. त्यांना हरवणारा उमेदवार विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेला तरुण होता. ज्या पिढीसाठी त्यांनी शाळांची दारे उघडली, तीच आता स्वतंत्रपणे विचार करून वेगळा कौल देत होती. खचून न जाता कामराज सार्वजनिक जीवनात राहिले व १९६९ मध्ये नागरकोइलमधून लोकसभेवर निवडून आले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. नऊ वर्षे मुख्यमंत्री राहूनही चेन्नईत त्यांचे स्वतःचे घर नव्हते. ते भाड्याच्या घरात राहत. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' देण्यात आले. शालेय भोजनाची कल्पना पुढे तमिळनाडूत विस्तारली आणि १९९५ मध्ये केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी देशव्यापी योजना सुरू केली. स्वतःचे शालेय शिक्षण पूर्ण करू न शकलेल्या या नेत्याने लक्षावधी मुलांना शाळेची वाट मोकळी करून दिली.