गणपती करणाऱ्या घरातला पोरगा झाला मोठा शिल्पकार

हर्णे : आपल्याकडे गणपतीच्या शाळेत पोरं माती मळायला बसतात, तसेच विनायक पांडुरंग करमरकर. अलिबागजवळच्या सासवणे गावात १८९१ साली जन्म. घरात गणपती व्हायचे, तिथंच हात बसला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवरायांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेत भरलं आणि पोरगा थेट मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोचला. पुढं कलकत्त्यात स्टुडिओ, लंडनला शिक्षण.

खरी कसोटी पुण्यातल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याची. एवढा प्रचंड पुतळा एकसंध ओतायचा; वितळलेला धातू मध्येच अडला तर सगळी मेहनत पाण्यात! माझगाव डॉकमध्ये ओतकाम पार पडलं. १९२८ साली पुतळा उभा राहिला, आजही आहे.

मोठ्या लोकांचे पुतळे त्यांनी केलेच, पण कोळीण, शेतकरी, गुरंढोरं यांच्यात त्यांचा जीव जास्त दिसतो. त्यांची ‘मत्स्यगंधा’ बंदरावरच्या माणसाला लगेच ओळखीची वाटेल. साध्या सिमेंटमधूनही त्यांनी जिवंत शिल्पं घडवली. १९६७ साली ते गेले. सासवण्याच्या घरात आता त्यांचं संग्रहालय आहे, मांडवा जेटीपासून जवळच.