कै. हरि नारायण आपटे आणि त्यांचे वाचक

वाचनालयांत येऊन चांगली कादंबरी मागणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. पण आपणांस काय आवडतें हें सांगणारा विरळा. मग हातास लागेल तें पुस्तक घरीं जातें, दहाव्या पानावर खूण राहते आणि कादंबरी म्हणजे कंटाळवाणा प्रकार, असा ग्रह होऊन बसतो. हरिभाऊ आपट्यांविषयीं असा ग्रह झालेले पुष्कळजण आम्हीं पाहिले आहेत. म्हणून त्यांचें अल्प चरित्र देतांना, कोणीं त्यांची कोणती कादंबरी आधीं घ्यावी हेंहि सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांत पारोळें येथें झाला. आई लहानपणींच वारली. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे नामांकित वकील. पुढें पुण्याचा आनंदाश्रम त्यांनींच स्थापिला. त्यांच्या छत्राखालीं हरिभाऊ वाढले. न्यू इंग्लिश स्कूलमध्यें चिपळूणकर, आगरकर, टिळक असे गुरु लाभले. १८८२ सालीं चिपळूणकर निवर्तले, तेव्हां या अठरा वर्षांच्या शिष्यानें विलापकाव्य रचलें. कॉलेजांत मात्र गणित आडवें आलें व पदवी मिळाली नाहीं. (गणिताच्या नांवानें ज्यांच्या पोटांत गोळा उठतो, त्यांनीं एवढ्यावरून खूष होऊं नये, हरिभाऊंचें इंग्रजी व संस्कृत वाचन अफाट होतें.)

१८८५ सालीं ‘मधली स्थिति’ ‘पुणें-वैभव’ पत्रांतून निघूं लागली. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें व तें पाव शतकाहून अधिक काळ चालविलें. घरांतील लहानथोर सर्वांनीं वाचावें असें तें पत्र असल्यामुळें निरनिराळ्या रुचींचें भान हरिभाऊंस ठेवावेंच लागलें.

ज्यांस गडकिल्ले व शौर्य हवें, त्यांनीं प्रथम तानाजीची कथा ‘गड आला पण सिंह गेला’ वाचावी. ती आटोपशीर आहे. मग ‘उषःकाल’ घ्यावी. राजकारणाचे डाव आवडणारांस ‘चंद्रगुप्तां’तील चाणक्य पुरून उरेल. विजयानगरच्या नाशाची कथा ‘वज्राघात’ करुणरसाच्या चाहत्यांसाठीं आहे. ‘मी’ मात्र कोणीं आधीं घेऊं नये. थोर आहे, पण उपदेशाचा भार वागविण्याची संवय लागावी लागते.

‘पण लक्षांत कोण घेतो’ ही आमच्या मतें सर्वांत श्रेष्ठ. बालपणीं भावाबरोबर खेळणारी यमू स्वतःच आपली कथा सांगते, आणि पुढें तिचें वैधव्य व केशवपन वाचतांना पान उलटवत नाहीं. एका विद्यार्थ्यानें हें बायकांचें पुस्तक म्हणून तिसऱ्याच दिवशीं परत केलें होतें. आम्हीं त्यास तानाजी दिला, नंतर ‘उषःकाल’. पुढील वर्षीं त्यानें आपण होऊन यमू मागितली व मुदतीपेक्षां पंधरा दिवस जास्त ठेवली. विचारतां कळलें कीं, तो रोज रात्रीं ती आजीस वाचून दाखवीत होता. दंड आम्हीं घेतला नाहीं.

लेखनाबरोबर हरिभाऊंनीं आनंदाश्रमाची व्यवस्था पाहिली, पुण्याच्या नगरपालिकेचें अध्यक्षपद सांभाळलें. १९१२ सालीं अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या कांहीं कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या; ‘सूर्यग्रहण’ त्यांपैकींच एक. शेवट कळल्यावांचून ज्यांस झोंप येत नाहीं, त्यांनीं ती न नेलेली बरी.