डिंक, गवार आणि हेर्मान श्टाउडिंगर

आमच्या चंद्रपुरात थंडी पडली की घरात धावड्याचा डिंक येतो, गडचिरोलीकडच्या जंगलातला. लाडवासाठी तळला की फुलतो, हे सगळ्यांना माहीत. पण थोडा डिंक रात्रभर पाण्यात ठेवून बघा, सकाळी पाणी चिकट आणि घट्ट झालेलं असतं. गवारीच्या बियांची पूड त्याहून जोरदार. लिटरभर पाण्याला पाच ग्रॅमसुद्धा पुरते. तेलविहिरीत खडकाला भेगा पाडायला प्रचंड दाबाने पाणी सोडतात, त्यात हाच गवार गम असतो. घट्ट पाण्यात वाळू तळाशी बसत नाही, भेगांत पोचते आणि त्या उघड्या ठेवते.

एवढ्याशा पुडीत ही ताकद कुठून येते? उत्तर देणारे हेर्मान श्टाउडिंगर 1881 मध्ये जर्मनीतल्या वर्म्स गावी जन्मले. ओढा वनस्पतिशास्त्राकडे होता, पण त्यासाठी आधी रसायनशास्त्र शीक असा सल्ला मिळाला आणि गडी तिथेच रमला. झुरिकमध्ये प्राध्यापक असताना 1920 मध्ये त्यांनी मांडलं की रबर, स्टार्च, सेल्युलोज म्हणजे हजारो अणूंच्या सलग साखळ्या आहेत. बड्या रसायनशास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांच्या मते ते लहान रेणूंचे नुसते पुंजके होते.

श्टाउडिंगर यांनी रबराला हायड्रोजन जोडून पाहिला. पुंजके असते तर ते विखुरले असते. तसं झालं नाही. मग त्यांनी पातळ द्रावणं काचेच्या बारीक नळीतून सोडली आणि वाहायला किती वेळ लागतो ते मोजलं. साखळी लांब, तर द्रावण घट्ट. साखळ्या ताठ काठीसारख्या असतात हा त्यांचा समज मात्र चुकला. त्या लवचिक असतात आणि त्यांचं सूत्र पुढे इतरांनी दुरुस्त केलं. मला हे आवडतं. पहिल्या व्हर्जनमध्ये बग होता, पण मूळ कल्पना बरोबर होती.

लॅबबाहेरही त्यांना सुख नव्हतं. पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूंना उघड विरोध केला होता. नाझी आल्यावर फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरू, प्रसिद्ध तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी तेच उकरून काढून सरकारकडे तक्रार केली. राजीनाम्यावर सही घेतली गेली, पण तो अमलात आला नाही. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची संस्थाच जमीनदोस्त झाली. पत्नी माग्दा, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, संशोधनातही सोबत होत्या.

नोबेल मिळालं 1953 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी. 1965 मध्ये फ्रायबुर्गमध्येच ते वारले.

आज विहिरीवर गवारीच्या साखळ्या एकमेकींना बांधायला बोरॉनचे क्षार घालतात, पाणी जेलीसारखं होतं. काम झालं की एन्झाइम त्याच साखळ्या कापतात आणि पाणी पुन्हा पातळ होऊन वर येतं.