राखालदास बॅनर्जी व मोहेंजोदडो

मंठ्याच्या आसपासच्या खेड्यांतील मुलांस काळी व पांढरी यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. काळी ही शेताची जमीन, पांढरी ही गावठाणाची. धाब्याच्या घरांवर घालण्याकरिता पांढरीची माती खणून आणीत, तेव्हा तीत खापरे, मणी, क्वचित एखादे झिजलेले नाणेही निघे. लहानपणी आम्ही अशी खापरे घटकाभर खेळून फेकून दिली आहेत. माणसे एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, घरे पडली, त्यांवर पुन्हा घरे उठली, म्हणून ती भूमी उंच झाली, हे आम्हांस फार उशिरा कळले. आमच्याच जिल्ह्यात भोकरदन येथे १९७३ साली अशी जागा रीतसर खणली, तेव्हा सातवाहनकालीन भोगवर्धन नगराचे अवशेष उजेडात आले. अशाच, परंतु कितीतरी जुन्या, एका पांढरीची किंमत ज्यांनी ओळखली त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

राखालदासांचा जन्म १२ एप्रिल १८८५ रोजी बंगाल्यात बहरमपूर येथे झाला. कलकत्त्यास इतिहासाचे अध्ययन करीत असतानाच त्यांस जुनी नाणी व शिलालेख यांचा नाद लागला. पुढे ते सरकारी पुरातत्त्व खात्यात शिरले आणि १९१७ साली पश्चिम विभागाचे अधिकारी म्हणून पुण्यास आले. पेशव्यांच्या वाड्यांचे मातीत गडप झालेले पाये उकरून पाहण्याचे काम त्यांनीच केले. फावल्या वेळात ते बंगालीत ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहीत.

त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात मोडत असल्यामुळे तेथील जुन्या जागा पुण्याच्या कचेरीकडे असत. सिंधू नदीकाठी लारकाना जिल्ह्यात मोहेंजोदडो, म्हणजे मृतांची टेकडी, या नावाचे एक ओसाड उंचवटे होते. राखालदासांच्या आधी त्याच अधिकारावर असलेले आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ च्या सुमारास ते पाहून आले होते. तेथील विटा अर्वाचीन घडणीच्या दिसल्यावरून, हे गाव फार तर दोनशे वर्षांपूर्वीचे असावे, असा अभिप्राय त्यांनी दिला. भांडारकरांस या चुकीबद्दल नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांत सामील होऊ इच्छीत नाही. इतक्या प्राचीन काळी भट्टीत भाजलेल्या, एकसारख्या मापाच्या विटा कोणी पाडीत असेल, ही कल्पना त्या वेळी कोणाच्याही डोक्यात नव्हती.

राखालदासांनी मात्र आधीच्या अभिप्रायावर विसंबून कागद मिटविला नाही. ते स्वतः तेथे गेले. त्यांस गारेची एक तासणी सापडली, आणि गारेची हत्यारे वापरणारा मनुष्य दोनशे वर्षांपूर्वीचा नसतो. १९२२-२३ च्या हिवाळ्यात त्यांनी खणावयास आरंभ केला. माथ्यावर बौद्ध स्तूप होता. दुसरा एखादा त्यावरच समाधान मानून परतला असता. ते खाली उतरत गेले. स्तूपाच्या खालच्या थरांत अनोळखी अक्षरांच्या मुद्रा मिळाल्या. तशीच मुद्रा पंजाबातील हडप्पा येथून १८७५ साली प्रसिद्ध झाली होती, आणि दयाराम साहनी हे नुकतेच तेथे खणीत होते. दोन्ही स्थळांत सुमारे चारशे मैलांचे अंतर. मुद्रा मात्र एकाच जातीच्या.

खात्याचे मुख्य सर जॉन मार्शल यांनी सप्टेंबर १९२४ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात हा शोध जगास कळविला. आठवड्याच्या आतच इराककडील प्राचीन अवशेषांच्या जाणकारांनी तिकडील मुद्रांशी साम्य दाखविले, आणि हिंदुस्थानचा नागर इतिहास एकदम दोन हजार वर्षे मागे सरकला. अब्राहाम ज्या खास्द्यांच्या ऊर नगरातून निघाला असे शास्त्र सांगते, त्या ऊर येथेही पुढे सिंधूकडील मुद्रा सापडल्या.

या लोकांस सुधारलेले म्हणावयाचे ते कशावरून? मिसरासारखे पिरॅमिड त्यांनी बांधले नाहीत, राजाचा म्हणून निःसंशय ओळखावा असा वाडाही तेथे नाही. आहेत त्या सरळ आखलेल्या वाटा, घरोघरच्या विहिरी, स्नानाच्या जागा व रस्त्याकडेने झाकलेली गटारे. विटेची उंची, रुंदी व लांबी यांचे प्रमाण १ : २ : ४, वजनांचे दगड दूरदूरच्या गावी एकाच मापाचे. ख्रिस्तपूर्व २६०० ते १९०० हा त्यांच्या भरभराटीचा काळ. आमच्या मते गटार झाकण्याची काळजी हीच यांतील सर्वांत थोर गोष्ट होय. ती राजाकरिता नव्हती, शेजाऱ्याकरिता होती.

राखालदासांच्या वाट्यास मात्र हे वैभव फार दिवस आले नाही. १९२४ साली त्यांची बदली पूर्व विभागात झाली, आणि मोहेंजोदडोचे काम पंढरपूरचे काशीनाथ नारायण दीक्षित व इतर अधिकाऱ्यांकडे गेले. दीक्षितांच्या नावाची आद्याक्षरे त्या नगराच्या एका भागास आजही चिकटलेली आहेत. पुढे एका मूर्तीच्या प्रकरणावरून राखालदासांवर किटाळ आले, आणि १९२६ साली त्यांची नोकरी संपली. १९२८ साली काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात त्यांस अध्यापकाची जागा मिळाली. २३ मे १९३० रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, ते वारले. मोहेंजोदडोवरील मार्शलसाहेबांचे तीन जाडे भाग पुढच्याच वर्षी निघाले. मार्शलसाहेबांनी राखालदासांचे श्रेय नाकारले होते असे नाही. पण लोकांच्या तोंडी बसले ते साहेबांचेच नाव.

बंगाली लिपीच्या उगमावर बक्षीसपात्र ग्रंथ लिहिणाऱ्या, जुनी अक्षरे लावण्यात हयात घालविलेल्या या गृहस्थांस आपल्याच हाताने काढलेल्या मुद्रांवरील अक्षरे लागली नाहीत. ती अद्याप कोणासही लागलेली नाहीत.