संत थॉमस अक्वायनस: अ‍ॅरिस्टॉटलला ख्रिस्तसभेच्या सेवेत आणणारे आचार्य

थॉमस हे नाव उच्चारले की आपल्या मनात प्रथम उभे राहतात ते प्रेषित संत थॉमस. त्यांचा सण आपण दरवर्षी ३ जुलै रोजी साजरा करतो. उपासना-पंचांगात २८ जानेवारीला मात्र आणखी एका थॉमसचे स्मरण केले जाते. ते म्हणजे तेराव्या शतकातील इटालियन डोमिनिकन धर्मगुरू संत थॉमस अक्वायनस. पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी गायले जाणारे 'तांतुम एर्गो' हे परंपरेने त्यांचीच रचना मानले जाते. त्यामुळे नाव ठाऊक नसले तरी त्यांचे शब्द आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर आहेत. मात्र त्यांचे सर्वांत मोठे कार्य वेगळेच आहे. ख्रिस्तजन्मापूर्वी तीन शतकांहून अधिक काळ आधी होऊन गेलेल्या एका ग्रीक तत्त्ववेत्त्याचे विचारधन त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या सेवेत आणले.

हा तत्त्ववेत्ता म्हणजे अ‍ॅरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२). प्लेटोचा हा शिष्य तर्कशास्त्र, निसर्ग, आत्मा, नीती, राज्यव्यवस्था अशा अनेक विषयांवर लिहून गेला. प्लेटोच्या परंपरेचा परिचय पाश्चात्त्य ख्रिस्तसभेला संत ऑगस्टीन ह्यांच्याद्वारे पूर्वीच झाला होता. अ‍ॅरिस्टॉटलचे मात्र तर्कशास्त्रावरील काही ग्रंथच लॅटिन भाषेत उपलब्ध होते. त्याचे इतर ग्रंथ बगदादमध्ये सिरियाक व अरबी भाषांत गेले, इब्न सिना आणि इब्न रुश्द ह्या मुस्लिम विद्वानांनी त्यांवर भाष्ये लिहिली आणि बाराव्या व तेराव्या शतकांत स्पेन, इटली आदी ठिकाणी झालेल्या भाषांतरांतून ते युरोपच्या विद्यापीठांत पोहोचले.

ह्या ग्रंथांनी मोठी खळबळ उडवली. जग अनादी आहे, असे अ‍ॅरिस्टॉटल मानत होता. व्यक्तीचा आत्मा अमर आहे की नाही, ह्याबद्दल त्याचे लिखाण संदिग्ध होते. साहजिकच धर्माधिकाऱ्यांना चिंता वाटली. १२१० आणि १२१५ साली पॅरिस येथे त्याच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर बंदी घालण्यात आली.

अशा काळात, १२२५ च्या सुमारास, रोम आणि नेपल्स ह्यांच्या दरम्यान असलेल्या रोक्कासेक्का येथील गढीत थॉमस ह्यांचा जन्म झाला. वयाच्या पाचव्या वर्षी सरदार घराण्यातील ह्या मुलाला माँते कासिनो येथील बेनेडिक्टाइन मठात ठेवण्यात आले. पुढेमागे तो तेथील मठाधिपती होईल, अशी कुटुंबाची आशा होती. परंतु राजकीय संघर्षामुळे १२३९ मध्ये त्यांना मठ सोडून नेपल्सच्या विद्यापीठात जावे लागले. पॅरिसमध्ये निषिद्ध ठरलेला अ‍ॅरिस्टॉटल तेथे उघडपणे शिकवला जात होता. तेथेच त्यांना डोमिनिकन संघाची ओढ लागली आणि १२४४ साली ते त्या भिक्षाव्रती संघात दाखल झाले. सरदारपुत्राने भिक्षेवर जगावे, हे घरच्यांना मानवले नाही. भावांनी त्यांना वाटेतच पकडून आणले आणि सुमारे वर्षभर घरात कोंडून ठेवले. थॉमस आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. अखेर कुटुंबाला नमते घ्यावे लागले.

त्यानंतर पॅरिस आणि कलोन येथे त्यांना महान आल्बर्ट हे गुरू लाभले. थॉमस शरीराने स्थूल आणि स्वभावाने मितभाषी होते. सहाध्यायी त्यांना मुका बैल म्हणून चिडवीत. ह्या बैलाची डरकाळी एक दिवस सर्व जगात दुमदुमेल, असे भाकीत आल्बर्ट ह्यांनी केल्याची कथा प्रसिद्ध आहे. १२५६ साली थॉमस पॅरिस विद्यापीठात ईशज्ञानाचे आचार्य झाले. तोपर्यंत तेथील वातावरण पालटले होते. १२५५ पासून कला शाखेच्या अभ्यासक्रमात अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ अधिकृतपणे समाविष्ट झाले होते.

आता दोन टोकाचे पक्ष निर्माण झाले. मूर्तिपूजक ग्रीकाचा विचार श्रद्धेला विषासमान आहे, असे काहींना वाटे. दुसरीकडे ब्राबाँतचे सिगर आणि त्यांचे सहकारी इब्न रुश्द ह्यांच्या भाष्याच्या आधारे अ‍ॅरिस्टॉटल शिकवीत. तत्त्वज्ञानाचा निष्कर्ष श्रद्धेच्या विरोधात गेला तरी तो तसाच मांडावा, असा त्यांचा कल होता. सर्व मानवांची बुद्धी एकच आहे, हे त्यांचे मत स्वीकारले, तर प्रत्येक माणसाचे स्वतंत्र उत्तरदायित्व आणि मरणोत्तर जीवन ह्यांना अर्थच उरत नव्हता.

थॉमस ह्यांनी दोन्ही मार्ग नाकारले. बुद्धी आणि प्रकटीकरण ह्या दोन्ही देणग्या एकाच परमेश्वराकडून आलेल्या आहेत. म्हणून त्यांच्यात खरा विरोध असूच शकत नाही, ही त्यांची दृढ धारणा होती. विरोध दिसला, तर आपल्या तर्कात कोठेतरी चूक झाली आहे असे समजून पुन्हा विचार करावा. ते स्वतः ग्रीक भाषेचे जाणकार नव्हते. त्यामुळे मूर्बेकचे विल्यम ह्या डोमिनिकन बंधूंनी मूळ ग्रीकवरून केलेल्या नव्या भाषांतरांचा त्यांनी आधार घेतला आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या अनेक ग्रंथांवर ओळीओळीने भाष्ये लिहिली. १२७० मध्ये त्यांनी एका स्वतंत्र पुस्तिकेत एकच-बुद्धीच्या मताचे खंडन केले. अ‍ॅरिस्टॉटलचाही आशय तसा नाही, हे त्यांनी त्याच्याच ग्रंथांच्या आधारे दाखवले. जगाला आरंभ आहे हे आपण श्रद्धेने स्वीकारतो. जग अनादी आहे किंवा नाही, ह्यांपैकी काहीही केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले.

१२६५ च्या सुमारास त्यांनी 'सुम्मा थिऑलॉजिए' हा आपला महाग्रंथ आरंभला. प्रत्येक प्रश्नाच्या प्रारंभी विरोधकांचे आक्षेप मांडायचे, मग आपले उत्तर द्यायचे आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाचे निरसन करायचे, ही त्याची पद्धत आहे. गतीचा मूळ कारक असला पाहिजे, हा अ‍ॅरिस्टॉटलचा युक्तिवाद परमेश्वराच्या अस्तित्वाकडे नेणाऱ्या पाच मार्गांपैकी पहिला मार्ग म्हणून त्यात येतो. वस्तूचे मूलतत्त्व आणि तिचे बाह्य गुण हा अ‍ॅरिस्टॉटलचाच भेद. त्याच्या साहाय्याने थॉमस ह्यांनी मिस्साबलीतील भाकर व द्राक्षारस ह्यांचे रूपांतर समजावून सांगितले. सुज्ञता, न्याय, धैर्य व संयम हे ग्रीकांना ज्ञात असलेले सद्गुण त्यांनी श्रद्धा, आशा व प्रीती ह्यांच्याशी जोडले. आजच्या धर्मशिक्षणातही आपण ते ह्याच प्रकारे शिकतो.

६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्स येथे मिस्सा अर्पण करताना त्यांना विलक्षण अनुभव आला. त्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. जे पाहिले त्याच्यापुढे आपले सारे लिखाण गवताच्या काडीसमान आहे, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्याला सांगितले. महाग्रंथ अपूर्ण राहिला. लिऑनच्या महासभेला जात असताना ७ मार्च १२७४ रोजी फोस्सानोव्हाच्या मठात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर तीन वर्षांनी, ७ मार्च १२७७ रोजी, पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए ह्यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांतील काही थॉमस ह्यांच्याही मतांना स्पर्श करणारी होती. ज्यांनी आयुष्यभर श्रद्धेची बाजू मांडली, त्यांच्याच विचारांवर संशयाची छाया पडली. ती दूर होण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. पोप योहान बाविसावे ह्यांनी १८ जुलै १३२३ रोजी त्यांना संत घोषित केले आणि १३२५ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी त्यांच्या शिकवणीला लागू होणारी निषेधाज्ञा मागे घेतली. १५६७ साली ते ख्रिस्तसभेचे आचार्य ठरले.

पोप लिओ तेरावे ह्यांनी १८७९ च्या आपल्या परिपत्रकाद्वारे थॉमस ह्यांच्या तत्त्वज्ञानाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. ह्याच लिओंच्या पुढाकाराने १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे पेपल सेमिनरी सुरू झाली आणि १९५५ साली ती पुण्याला आली. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी श्रद्धा आणि बुद्धी ह्या विषयावरील परिपत्रकात थॉमस ह्यांचा आदर्श जगापुढे ठेवला. अथेन्समध्ये पेटलेला ज्ञानदीप बगदाद, नेपल्स व पॅरिसमार्गे असा दूरवर प्रकाश देत राहिला.

आपली मुले आज महाविद्यालयातून विज्ञानाचे, इतिहासाचे कठीण प्रश्न घेऊन घरी येतात. त्यांना गप्प बसवणे सोपे असते आणि श्रद्धा बाजूला ठेवणेही सोपे असते. संत थॉमस ह्यांनी तिसरा, कष्टाचा मार्ग दाखवला आहे. प्रश्न नीट ऐकावा, त्यातील सत्य कोणाकडूनही आलेले असो, ते कृतज्ञतेने स्वीकारावे आणि चूक सौम्यपणे दाखवून द्यावी. त्यांच्या मध्यस्थीने आपल्या कुटुंबांना हे धैर्य आणि ही नम्रता लाभो.